रंगाच्या आधीचं काम

[दृश्य: दरवाजाच्या पत्र्यावरून फिरणारा तळहात]

डोळ्यांना हा दरवाजा सपाट दिसतोय. हात मात्र मध्येच अडला. तळहाताखाली पातळ फडकं धरलंय, कारण उघड्या हातापेक्षा त्याच्यावरून पोचा लवकर कळतो. हा माणूस पोटासाठी डेंटिंग करत नाही. जुनी गाडी, सुट्टीचा दिवस आणि हौस, एवढंच.

[दृश्य: हातोडी आणि डॉली. मूळ आवाज ठेवावा]

ऐका. आतल्या बाजूने टेकवलेला लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, नेमकी हातोडीखाली असली की आवाज खणखणीत येतो आणि पत्रा ताणला जातो. तीच जरा बाजूला सरकवली की आवाज बद्द होतो. आता बाहेरचा फुगवटा खाली बसतोय आणि शेजारचा खोलगा वर येतोय. या कामाला शंभर वर्षांत नवं काही सुचलेलं नाही, सुचायची गरजही नव्हती.

बदललं ते पुढचं. पूर्वी उरलासुरला खड्डा शिसं आणि कथिलाच्या मिश्रणाने भरत. ते ज्योतीवर लोण्याइतपत मऊ करायचं, लाकडी पट्टीने पसरायचं, मग कानस. ज्योत जरा जास्त झाली की सगळं ओघळून जमिनीवर. 1950च्या दशकात पॉलिएस्टरची लांबी, म्हणजे खड्डा भरायचा लगदा, आली आणि हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात आलं. तिला घट्ट करणारा हार्डनर कालवा, थापा, थोड्या वेळात घासायला घ्या. लांबीला नावं ठेवायची पद्धतच आहे. खरा दोष पत्रा न ठोकताच ती बोटभर थापणाऱ्याचा.

[दृश्य: प्राइमरवर काळ्या रंगाची हलकी फवारणी, मग ठोकळ्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर]

हा काळा थर घासून काढण्यासाठीच मारलाय. ठोकळा तिरका फिरतो, एकदा इकडून, एकदा तिकडून. उंचवट्यावरचा काळा आधी जातो, खोलग्यातला मागे राहतो. तो बघा, हँडलच्या खाली. परत लांबी, परत प्राइमर, परत काळा.

[दृश्य: स्प्रे गन, रंगाचा पहिला हात]

1923 साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्युको नावाचा झटपट वाळणारा रंग, लॅकर, आला. तोवर वार्निशचे थर वाळायला आठवडे लागत. लॅकर नुसता थिनर उडून वाळतो. ओघळ आला? घासा, पुन्हा मारा. नवा थर जुन्याला विरघळवून त्यात मिसळून जातो. हौशी मंडळींचं त्याच्याशी सूत जमलं ते यामुळेच.

मग हार्डनर कालवून मारायचे, दोन डब्यांचे टू-पॅक रंग आले. 1980च्या दशकात आधी रंग (बेस कोट), वर पारदर्शक क्लिअर कोट अशी दुहेरी पद्धत रुळली. गनही बदलली. या नव्या गनच्या टोकाशी हवेचा दाब जेमतेम 10 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो, त्यामुळे रंग हवेत कमी उडतो, पत्र्यावर जास्त बसतो. युरोपात 2007पासून दुरुस्तीच्या रंगातल्या सॉल्व्हंटवर, म्हणजे उडून जाणाऱ्या थिनरसारख्या द्रवांवर, मर्यादा आली आणि बेस कोट पाण्यात कालवलेला झाला.

टू-पॅकच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो, म्हणून धुळीचा मास्क चालत नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा लागतो.

[दृश्य: पाणी मारत घासणं, मग बफिंग]

क्लिअर सुकलाय. त्यावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आहे, तो 2000 नंबरच्या पेपरने पाणी मारत काढायचा. दुधाळ पाणी येतंय तोवर ठीक. पाण्यात गाडीचा रंग दिसू लागला की क्लिअर संपला. लॅकरच्या दिवसांत तेवढ्याच जागी आणखी एक हात मारून भागायचं. इथे मात्र पूर्ण दरवाजा घासून पुन्हा रंगवावा लागतो. कडेला तर हे पटकन होतं, म्हणून कडांवर त्याने आधीच मास्किंग टेप लावलीय.