दारावरची धून

नमस्कार मंडळी. आज कुमार गंधर्व. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे हे, जन्म ८ एप्रिल १९२४, मूळ नाव शिवपुत्र कोमकळी, लहानपणीच मुंबईला देवधर मास्तरांकडे गाणं शिकायला गेले. गायक म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत, मला बोलायचंय ते त्यांनी केलेल्या रचनांवर.

क्षय झाला म्हणून १९४८ ला हवापालटाला देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंदच, अंथरुणात पडून नुसतं ऐकायचं. बाहेर माळव्यातल्या बायका गायच्या, चार-पाच सुरांच्या साध्या धुना. त्यातनं पुढे लगनगंधार, संजारी, मधसुरजा असे राग झाले, त्यांना ते धुनउगम राग म्हणायचे. म्हणजे धून आधी, राग मागाहून. परत सांगते, धून आधी.

मला हे कळलं ते बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या जुन्या घरात. मी दहा वर्षांची, टायफॉईड झालेला, खिडकीशी खाटेवर. रोज सकाळी दहीवाली यायची, डोक्यावर बुट्टी, बुट्टीत मडकी, आणि हाक "मोसरूऽऽ", म्हणजे कानडीत दही. (ते मडक्यातलं दही सुरीनं कापावं असं घट्ट, पाकिटातल्याला ती चव नाही म्हणजे नाहीच.) आमचे गाण्याचे गुरुजी भेटायला आले, मी पडल्या पडल्या तीच हाक गुणगुणत होते. त्यांनी कोपऱ्यातली पेटी ओढली, सूर शोधले, सा रे म प. म्हणाले, कुमारजी देवासला असेच पडून ऐकायचे, तूपण ऐक, यातनं आपण काहीतरी बांधू. आता क्लासात नुसती परीक्षेची घाई, पोरांना कोणी दोन मिनिटं गप्प बसून ऐकायला सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तर दुसऱ्या दिवशी गुरुजी मुद्दाम सकाळीच आले. दहीवाली पायरीवर बुट्टी उतरवत होती आणि मी आतनं हाक गायले, अगदी तिच्यासारखी, असं मला वाटलं. ती थांबली. खिडकीशी येऊन म्हणाली, "हंगल्लो तंगी," असं नाही गं, आणि स्वतः म्हणून दाखवलं. शेवटचा 'रू' ती पंचमावर, म्हणजे 'प'वर, सोडतच नव्हती, आणखी वर नेऊन तिथं हलकेच टेकवत होती. गुरुजींनी पेटीवर बोट ठेवलं. कोमल निषाद.

"बाई, परत एकदा म्हणा," ते म्हणाले, आणि वही काढली.