चुन्याला चुनाच

नमस्कार श्रोतेहो. आज वाड्याबद्दल बोलायचंय. आपल्या सोलापूरच्या इंद्रभुवनाबद्दल नाही. आप्पासाहेब वारदांची ती इमारत आपण सगळेच मान वर करून बघतो, आणि मग त्याच आवारातल्या महापालिकेत कर भरायला रांगेत उभे राहतो. मी बोलणार आहे आमच्या काकांच्या वाड्याबद्दल. उत्तर कसब्यात, हिरेहब्बू वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. खाली काळा दगड, वर विटा, माथ्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. आता तो असा सुरेख उभा राहिलाय की दर पंधरवड्याला कुणी ना कुणी एजंट ओट्यावर येऊन बसतो. काकू त्याला चहा देतात, भाव देत नाहीत.

पण चार वर्षांपूर्वी सोप्याची, म्हणजे ओसरीची, भिंत कमरेपर्यंत ओली होती. आधी कुणीतरी तिला सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्याची भिंत ओल पिते आणि उन्हात सोडूनही देते. सिमेंटने तिचं तोंडच बंद झालं, ओल आत कोंडली, विटा भुसभुशीत झाल्या. म्हणून लक्षात ठेवा, चुन्याच्या भिंतीला चुनाच.

तर आमच्याकडे गवंडीमामा आले, अक्कलकोटकडचे. त्यांनी सिमेंट खरवडून काढलं, कळीचा चुना भिजवून मुरत ठेवला, विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, केली, चुन्यात घालायचं हिरड्याचं पाणी वेगळं ठेवलं. मी पुण्याहून सुट्टी काढून देखरेखीला आलेलो. देखरेख म्हणजे खुर्चीवर बसून शेंगाचटणी-भाकरी खाणं. (चटणी उखळात कुटलेली. मिक्सरमधून काढलेल्या त्या पिठाला चटणी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.)

दिवस नेमका गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचा. अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकासाठी नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघालेले, बोळात पाय ठेवायला जागा नाही, पांढऱ्या बाराबंद्या सगळीकडे. मामा घमेल्यावरून ओरडले, "मालक, बेल्ल पायजे! ऐदु किलो!" आणि पाच बोटं दाखवली.

मी हुशार माणूस. चुन्यात बेलफळाचं पाणी घालतात हे मी कुठंतरी वाचलं होतं. गर्दीतून वाट काढत गेलो. फळं मिळेनात, पण बेलाच्या पानांना त्या दिवशी सोलापुरात काय तोटा! म्हटलं, फळ नाही तर पान. पाच किलो पानं म्हणजे किती, याचा अंदाज तुम्हाला नसेल. मलाही नव्हता. विकणाऱ्या बाईनं दोन वेळा विचारलं, "पाच किलो?" तिसऱ्यांदा तिनं हात जोडले. तिला वाटलं, मी कसला तरी मोठा नवस फेडतोय. पोतं खांद्यावर घेऊन निघालो, तर लोक बाजूला होऊन वाट देत होते! एका आजोबांनी पोत्याला नमस्कार केला.

मामांनी पोत्यात डोकावलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मालक, ह्ये काय आणलाव? बेल्ल म्हनलो मी. बेल्ल! पोळीत घालत्यात त्ये."

गूळ, श्रोतेहो. कानडीत बेल्ल म्हणजे गूळ. तेलुगूत बेल्लम. सोलापुरात जन्मलेल्या माणसाला हे ठाऊक नसावं? आमच्या आजीला तिन्ही भाषांत भांडता यायचं. आम्ही इंग्रजी शाळेत गेलो आणि घरासमोरच्या माणसाची भाषा विसरलो. असो.

पुन्हा बाजारात जायची सोय नव्हती, मिरवणूक दारातच होती. मामांची नजर फिरत फिरत स्वयंपाकघराच्या फळीवर गेली. तिथं संक्रांतीच्या पोळ्यांसाठी काकूंनी आणलेली ढेप होती. बरोबर पाच किलोची. काकू दारात आडव्या उभ्या. काका हळूच म्हणाले, "अगं, भिंत राहिली तर पोळ्या दरवर्षी होतील." ढेप फुटली आणि हिरड्याच्या पाण्यात गेली.

गुळानं चुना लोण्यासारखा होतो, कमी पाण्यात लिंपता येतो. मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश दगड होत जातो. सावकाश, हं. घाई करणाऱ्यानं चुन्याच्या वाटेला जाऊ नये. काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा, भर उन्हात गिलावा करू नका. आणि पुन्हा सांगतो, चुन्याच्या भिंतीला चुनाच. माळवदावर पांढरी माती मृगाआधी टाका, पाऊस सुरू झाल्यावर नव्हे.

बेलाची पानं काकूंनी टोपल्यांत भरून वाटेवरच्या लिंगांना पाठवली. त्या संक्रांतीला आमच्याकडे नुसत्या तिळाच्या वड्या झाल्या, त्याही शेजारच्यांकडून आलेल्या. गेल्या पावसाळ्यात मी फोन करून विचारलं, काकू, भिंत कशी आहे? म्हणाल्या, "कोरडी ठणठणीत. पण पाच किलो गूळ तू अजून देणं लागतोस."