सांधलेली चिनी माती

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या घरी दिवाणखान्याच्या खिडकीत एक कुत्रा बसलेला असतो. वीतभर उंचीचा, पांढराशुभ्र, कानांवर आणि पाठीवर विटकरी ठिपके, गळ्यात सोनेरी पट्टा, त्याला साखळी आणि इवलंसं कुलूप. त्याची मान कधीतरी तुटली होती आणि ती कुणीतरी पुन्हा चिकटवली आहे. जोडाची रेघ गळ्याभोवती अजून स्पष्ट दिसते. मी इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर भागात राहते. इथे रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात लोक गाडीच्या डिकीतून घरातल्या जुन्या वस्तू विकतात. कार बूट सेल म्हणतात त्याला. तिथे हा कुत्रा मला तीन पौंडांना मिळाला. विकणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, "फुटका आहे हो, बघून घ्या." मी बघूनच घेतला.

त्यानंतर काही महिन्यांनी सासूबाई साताऱ्याहून आल्या. खिडकी पुसताना त्यांची नजर त्या रेघेवर गेली. "अगं, तडा गेलेली वस्तू घरात ठेवू नये." त्या रागाने बोलल्या नव्हत्या, काळजीने बोलल्या होत्या. आपल्याकडे कपाचा कान तुटला की तो कप पाहुण्यांपुढे येत नाही. मूर्ती भंगली की ती पूजेतून काढून वाहत्या पाण्यात सोडतात. मीही त्याच संस्कारात वाढले आहे. त्यामुळे त्यांचं म्हणणं मला झटकून टाकता येईना. त्यांना काय उत्तर द्यावं, हे मला पुष्कळ दिवस सुचलं नाही. ते मिळालं जुन्या इंग्लिश चिनी मातीच्या शोभेच्या बाहुल्या मुळात घडतात कशा, हे समजून घेताना.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडला पोर्सलिन, म्हणजे उजेड आरपार जाऊ देणारी पांढरी, उंची चिनी माती, करता येत नव्हतं. चीनचं पोर्सलिन जहाजांनी येई. जर्मनीत सॅक्सनीच्या माइसेनला १७१० साली कारखाना निघाला होता, पण ती कृती गुप्त राखलेली होती. लंडनजवळच्या चेल्सीत १७४५च्या सुमारास काम सुरू झालं. ते पुढे नावारूपाला आणणारा निकोलस स्प्रिमाँ हा आजच्या बेल्जियममधल्या लीएजहून आलेला चांदीचा कारागीर. लंडनच्या पूर्वेकडे बो इथे दुसरा कारखाना निघाला. मग डर्बी, मग १७५१ साली वूस्टर. यांच्यापाशी माइसेनसारखी कणखर माती नव्हती. चेल्सीवाले मातीत काचेची पूड मिसळत, बोवाले हाडांची राख. अशा मातीची वस्तू भट्टीत तापली की मऊ पडायची, कलायची, कधी बसूनच जायची.

या बाहुल्या कधी पाहायला मिळाल्या, तर एक गोष्ट जरूर बघा. बासरी वाजवणाऱ्या मेंढपाळाच्या पायामागे झाडाचा बुंधा असतो. शेळीला गोंजारणाऱ्या मुलीच्या पाठीशी पानाफुलांनी लगडलेलं झुडूप असतं. ते झुडूप शोभेचं तर आहेच, पण बुंधा असतो तो आधाराला. पाय दोन, तेही बारीक. वर घेरदार अंगरखा. भट्टीत मऊ पडलेली माती तेवढा भार पेलणार कशी? म्हणून मागे बुंधा. भट्टीची अडचण त्या कारागिरांनी बागेत लपवून टाकली. मला हे त्यांचं सगळ्यात मोठं कौशल्य वाटतं.

आणि आता जे सांगणार आहे, त्यासाठीच मी हा विषय निवडला. पोर्सलिनची बाहुली अखंड घडत नाही. आधी एक शिल्पकार पूर्ण नमुना करतो. मग तो नमुना कापतात. डोकं वेगळं, धड वेगळं, हात वेगळे, टोपलीसुद्धा वेगळी. प्रत्येक तुकड्याचा निराळा साचा. चेल्सी आणि डर्बीत साच्यात मातीचा पातळ घोळ ओतत, तर बो इथे ओली माती बोटांनी दाबून भरत. म्हणून बोची बाहुली हातात घेतली की जड लागते. साच्यांतून तुकडे निघाले, की एक कारागीर तोच पातळ घोळ लावून ते एकमेकांना सांधतो, सांध्याची रेघ पुसतो, मान किंचित कलती करतो, बोटं मोकळी करतो. त्या कारागिराला तिथल्या कारखान्यांत काय म्हणत असतील? रिपेअरर. म्हणजे दुरुस्ती करणारा! बाहुली अजून भट्टीत गेलेलीही नाही, आणि तिला आकार देणाऱ्या माणसाचं नाव दुरुस्तीवाला.

बोच्या काही बाहुल्यांच्या मातीत टी आणि ओ ही दोन अक्षरं दाबलेली सापडतात. ती अशाच एका सांधणाऱ्याची खूण असावी, असं अभ्यासक मानतात. बाकी बहुतेकांची नावं गेली. कारखान्याचं नाव राहिलं, क्वचित शिल्पकाराचं राहिलं. मान कलती करणाऱ्याचं सहसा राहिलं नाही.

सासूबाईंनी कपाटातला बोन चायनाचा कप उचलून त्या नावाचा अर्थ विचारला होता. मी खरं तेच सांगितलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टोक गावात स्पोड पितापुत्रांनी ही कृती पक्की केली. त्यात जवळजवळ निम्मी हाडांची राख, मुख्यतः बैलांच्या हाडांची, आणि उरलेल्या निम्म्यात कॉर्नवॉलची पांढरी माती आणि दगडाची भुकटी. त्यामुळे ते पातळ असूनही टिकतं आणि उजेडाला धरलं तर पलीकडची बोटं दिसतात. सासूबाईंनी कप जागेवर ठेवला आणि चहा स्टीलच्या पेल्यातून घेतला. जुन्या इंग्लिश चिनी मातीचा नाद करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे माहीत करून घेऊन आपलं काय ते ठरवावं. मी ठरवलं आहे. पण त्यांना तो कप पुन्हा दिला नाही.

माझा कुत्रा मात्र पोर्सलिनचा नाही. तो साध्या पांढऱ्या भाजक्या मातीचा, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कष्टकऱ्यांच्या घरचा. शेकोटीवरच्या फळीवर मांडायच्या वस्तू या. मागून कुणी बघणार नाही म्हणून भिंतीकडची बाजू सपाट आणि बहुधा कोरी. रंगवायला लहान मुलंही असत. कुत्रे जोडीने विकत, एक उजवीकडे बघणारा, दुसरा डावीकडे. जोडी फुटली की किंमत निम्म्याहूनही खाली येते. माझा एकटा आहे.

याच फळीवर त्या काळातल्या बातम्याही उभ्या राहत. राणी, तिचा नवरा, इटलीचा गॅरिबाल्डी. १८५७ नंतर त्यांत दोन सेनापती आले, हॅवलॉक आणि कॉलिन कॅम्पबेल. एका जुन्या बाजारात मी हॅवलॉक पहिल्यांदा पाहिला तेव्हा हात आखडला. जुलै १८५७ मध्ये कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवणारा हा माणूस. डिसेंबरात तिथेच तात्या टोपेंना हरवलं ते कॅम्पबेलने. इथल्या खाणकामगाराच्या घरात ते गुलाबी गालांचे, सोनेरी बटणांचे शूर वीर होते. माझ्या आजोळच्या भिंतीवर झाशीच्या राणीचं चित्र होतं. तो हॅवलॉक मी घेतला नाही. पण आज वाटतं, एखाद्या मराठी माणसाच्या संग्रहात तो असायला हवा, आपल्या बाजूच्या हकिगतीसकट.

आता, घ्यायचं झालं तर काय बघायचं? आधी वस्तू उलटी करा. 'इंग्लंड' असा शिक्का असेल तर ती बहुतेक १८९१ नंतरची. परदेशातून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, असा कायदा अमेरिकेने केला त्याचा हा परिणाम. चेल्सीची खूण जहाजाच्या लाल नांगराची, पण खरा नांगर इतका बारीक की शोधावा लागतो. ठळक, मोठा नांगर दिसला तर सावध व्हा. पॅरिसच्या सॅम्सन कारखान्याने एकोणिसाव्या शतकात अशा नकला भरपूर केल्या. डर्बीच्या जुन्या बाहुलीच्या तळाला तीन-चार डाग असतात, भट्टीत ती मातीच्या गोळ्यांवर उभी केल्याचे. कुत्र्यांचं सोनं आरशासारखं लखलखत असेल तर ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं किंवा त्यानंतरचं. जुनं सोनं मऊ दिसतं, झिजलेलं असतं.

विसाव्या शतकातल्या झुळझुळत्या झग्यांच्या स्त्रिया आवडत असतील, तर रॉयल डोल्टन या कंपनीकडे वळा. १९१३ पासून त्यांच्या बाहुल्यांना एच एन हा क्रमांक मिळू लागला. ही आद्याक्षरं हॅरी निक्सनची, रंगकाम विभागाच्या प्रमुखाची. रंगवणाऱ्याचं नाव असं क्रमांकात टिकलं, याचा मला फार आनंद होतो. बर्स्लेममधला त्यांचा नाइल स्ट्रीटचा कारखाना २००५ साली बंद झाला. आज या बाहुल्या पूर्वीपेक्षा खूप स्वस्तात मिळतात.

संग्राहक मंडळी निर्दोष वस्तूच मागतात, आणि तिथेच माझा त्यांच्याशी वाद आहे. निर्दोषपणाच्या या हट्टापायी तुटकं बोट नवं करतात, वर रंग फवारतात आणि काही घडलंच नाही असं भासवतात. अतिनील किरणांच्या छोट्या बॅटरीखाली तो रंग वेगळाच चमकतो आणि लबाडी उघडी पडते. फुटक्या वस्तू सांधणारे पूर्वीचे कारागीर प्रामाणिक होते. ते हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने आरपार न जाणारी भोकं पाडत आणि तारेचे टाके घालून तुकडे घट्ट ओढून घेत. टाके उघड्यावर दिसत. कुणाला तरी ही वस्तू इतकी हवी होती, हे त्या टाक्यांवरून कळतं. अशा टाके घातलेल्या सात वस्तू माझ्याकडे आहेत आणि त्यांतली एकही मी निर्दोष वस्तूशी बदलणार नाही.

सासूबाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना रिपेअररची गोष्ट सांगितली. हात वेगळे, डोकं वेगळं, मग सांधणं. त्या ऐकत होत्या, बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो कुत्रा खिडकीतून खाली उतरवलेला. ओल्या फडक्याने पुसून त्या त्याला टेबलावर न्याहाळत होत्या. गळ्याच्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"चांगली बसवलीय गं मान," त्या म्हणाल्या, आणि त्याला परत खिडकीत ठेवलं. रस्त्याकडे तोंड करून.