भिरंडाचं तेल

(दृश्य: चोर्ला रस्ता, दोन्ही बाजूंचं रान)
बेळगावातून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं की जांबोटीपुढे रान दाटत जातं. खानापूर तालुक्याचा हा पश्चिमेचा पट्टा. मलप्रभेचा उगम इथलाच, कणकुंबीचा. परड्यात, ओहोळाच्या कडेला हे झाड दिसतं: खाली झुकलेल्या फांद्या, गर्द पानं आणि उन्हाळ्यात लालबुंद फळं. कोकम, म्हणजे इथल्या घरांतलं भिरंड.

(दृश्य: फळं फोडणारे हात)
साल वेगळी, गर-बिया वेगळ्या. साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. आमसूल काळं, मऊ होईतो हेच. वळवाचा नेम नाही, म्हणून एक डोळा आभाळाकडे. सोलकढी सगळ्यांना ठाऊक आहे. अंगावर पित्त उठलं तर आमसुलाचं पाणी पितात आणि अंगालाही चोळतात.

(दृश्य: सुपात बिया)
पण खरं बघायचं ते या बियांकडे. आमसुलाला गिऱ्हाईक मिळतं, बिया कितीतरी घरांत उकिरड्यावर जातात. या काकूंनी त्या धुऊन खडखडीत वाळवल्या. उखळात कांडल्या, टरफलं पाखडली, मगज पाट्यावर वाटला. आता उकळत्या पाण्यात हा लगदा. जाळ मंदच हवा, नाहीतर तळाला लागतं. बघा, कडेकडेने तवंग धरतोय. पळी अलगद फिरते, वरचंच तेवढं उचलते. वाडग्यात गार झालं की ते पांढुरकं होऊन थिजतं. मग मुठीत दाबून गोळे. हे तेल वितळायला साधारण 40 अंश उष्णता लागते, म्हणून घरात गोळा घट्टच राहतो. लावणीच्या चिखलाने टाचा फुटल्या की तो जरा विस्तवावर धरायचा आणि भेगांत भरायचा. याच तेलाला सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात कोकम बटर म्हणून मागणी आहे.

(दृश्य: झाडाचा शेंडा)
बियांपासून उगवलेलं झाड फळायला 7-8 वर्षं घेतं. नर-मादी झाडं वेगळी. फळत नाही म्हणून नर तोडला, तर आसपासच्या माद्यांचं फळ घटतं. तरणी पोरं बेळगाव-गोव्याला कामाला गेली, तेल काढणारे हात कमी झाले.

यंदा आमसुलं घालाल तेव्हा बिया टाकू नका. नीट वाळवून ठेवल्या तर तेल लावणी उरकल्यावर, सवडीनेही काढता येतं.