मतपत्रिकेच्या तळाशी

[पडद्यावर: मेरीलँडची मतपत्रिका. कॅमेरा वरून खाली सरकतो.]

राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, काँग्रेसचा प्रतिनिधी, मग न्यायाधीश. इथवर पोचेपर्यंत पुष्कळ मतदारांचा उत्साह संपलेला असतो. त्याखाली असतात ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’च्या, म्हणजे सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या जागा. उमेदवाराच्या नावापुढे पक्ष नाही, चिन्ह नाही. कुणी शिक्षक संघटनेचं सफरचंदाच्या आकाराचं पत्रक, ‘ॲपल बॅलट’, हातात धरून खूण करतं. कुणी जागा कोरी सोडून मतपत्रिका मशीनमध्ये सरकवतं.

आपलं मूल सकाळी कोणत्या बसमध्ये चढणार, वर्गात कसली हवा घेणार, दुपारी कसल्या ताटात जेवणार, हे याच जागांवर बसणारी माणसं ठरवतात.

[दृश्य: सकाळ. पिवळ्या बसची रांग, शाळेचं फाटक.]

ही मेरीलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, वॉशिंग्टन शहराच्या उत्तरेला. दोनशेहून जास्त सरकारी शाळा, सुमारे 1 लाख 60 हजार विद्यार्थी. जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग, रॉकव्हिल या भागांत मराठी घरंही बरीच आहेत. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समिती म्हटली की एका शाळेचे पालक डोळ्यांसमोर येतात. इथे सगळ्या काउंटीच्या शाळांसाठी एकच बोर्ड असतं आणि त्याचे सात सभासद चार वर्षांसाठी थेट मतदानाने निवडले जातात. आठवा सभासद विद्यार्थी असतो. त्याच्याबद्दल पुढे बोलूच, कारण या गोष्टीतला तो सगळ्यात हुरूप देणारा भाग आहे.

आता प्रश्न असा की पर्यावरणाबद्दल उमेदवारांचं म्हणणं काय? प्रचाराच्या सभेत पर्यावरणाचा विषय निघाला की उत्तर बहुधा गुळगुळीत येतं. मुलांच्या भविष्यासाठी हरित शाळा हव्यात, हवामानबदलाचं शिक्षण हवं, झाडं लावायला हवीत. त्यात खोटं काही नसतं, पण त्यावरून उमेदवाराची पारख होत नाही. काउंटीने 2017 सालीच ठराव करून ठेवलाय, की हरितगृह वायूंचं उत्सर्जन 2027 पर्यंत 80 टक्क्यांनी आणि 2035 पर्यंत शंभर टक्क्यांनी कमी करायचं. उद्दिष्टाबद्दल वाद उरलेला नाही. पारख करायची असेल तर बसच्या डेपोत जायला हवं.

[दृश्य: बस डेपो. चार्जिंगच्या खांबांची ओळ.]

फेब्रुवारी 2021. बोर्डाने 326 इलेक्ट्रिक बसच्या कराराला मंजुरी दिली. रक्कम सुमारे 16 कोटी 80 लाख डॉलर. एखाद्या शाळा प्रशासनाने केलेला हा त्या वेळचा सर्वांत मोठा करार म्हणून देशभर गाजला. कल्पनाही चांगली होती. बस आणि चार्जिंगची यंत्रणा कंत्राटदाराच्या मालकीची, शाळांनी वर्षाला ठरलेली रक्कम भरायची. इलेक्ट्रिक बस डिझेल बसच्या दुप्पट-तिप्पट महाग पडते, त्यामुळे सगळा पैसा एकदम उभा करण्याची अडचणच राहिली नाही.

इरादा पूर्णपणे योग्य होता, हे ठासून सांगायला हवं. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलंय. शाळा सुटताना बसची रांग इंजिन चालू ठेवून उभी राहते, तेव्हा तो धूर दप्तर सावरत पायऱ्या चढणाऱ्या मुलांच्या नाकाच्या उंचीवर असतो. दम्याचा पंप खिशात घेऊन शाळेत जाणारं मूल ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

मग काय झालं? जुलै 2024 मध्ये काउंटीच्या महानिरीक्षक कार्यालयाचा, म्हणजे सरकारी कारभार तपासणाऱ्या यंत्रणेचा अहवाल आला. बस वेळेवर आल्या नाहीत. आलेल्यांपैकी काही बिघडून उभ्या राहिल्या. उशीर झाला तर कंत्राटदाराकडून भरपाई घेण्याची तरतूद करारात होती, ती वापरलीच गेली नाही. आणि मुलांना शाळेत तर पोचवायचंच होतं, म्हणून 90 नव्या डिझेल बस घ्याव्या लागल्या. खर्च 1 कोटी 47 लाख डॉलर, म्हणजे एका बसला साधारण 1 लाख 63 हजार.

नवी डिझेल बस बारा-पंधरा वर्षं सहज चालते. म्हणजे 2035 उजाडेल, उत्सर्जन शून्यावर आणायची मुदत येईल, तेव्हाही यातल्या बस रस्त्यावर असू शकतील.

बोर्डावर तेव्हा पर्यावरणाचा शत्रू कुणी नव्हता. मत बरोबर पडलं, पण त्यानंतर करारावर लक्ष ठेवणं, वसुली करणं, अधिकाऱ्यांना दर महिन्याला जाब विचारणं यात ढिलाई झाली. म्हणून उमेदवाराला ‘तुम्ही इलेक्ट्रिक बसच्या बाजूचे आहात का?’ असं विचारून भागणार नाही. कंत्राटदार उशीर करतोय हे तुम्हाला कधी कळेल, कोण सांगेल आणि त्या दिवशी तुम्ही काय कराल, हे विचारायला हवं. मेरीलँडच्या 2022 च्या हवामान कायद्यानुसार आर्थिक वर्ष 2025 पासून नव्या बस शून्य-उत्सर्जनाच्याच घ्यायच्या आहेत. सवलत फक्त ठरावीक अडचणींत. तेव्हा असे करार पुढेही होतच राहणार.

[दृश्य: शाळेचं छप्पर. एअर कंडिशनिंगची जुनी यंत्रं.]

दुसरी गोष्ट छपरावरची. त्यावर मतं मागणं अवघड, म्हणून सभेत ती फारशी निघत नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2020 मध्ये देशभराचा अंदाज काढला, तेव्हा सुमारे 36 हजार शाळांमध्ये हवा खेळती ठेवणारी, गरम-थंड करणारी यंत्रणा बदलायला किंवा सुधारायला झाली होती. अशी यंत्रणा वीज आणि गॅस खाते, आणि वर्गात एकीकडे घाम तर दुसरीकडे हुडहुडी. ती मोडली की घाईने तीच जुन्या पद्धतीची पुन्हा बसवायची, की आधीपासून आखणी करून हीट पंप, म्हणजे विजेवर उष्णता आत-बाहेर नेणारं यंत्र, किंवा भूगर्भातली उष्णता वापरणारी बसवायची? हा निर्णय एकदा झाला की वीसेक वर्षं बदलत नाही.

इथे उमेदवाराच्या आश्वासनाला एक मर्यादाही आहे. या बोर्डाला कर लावता येत नाही. ते अंदाजपत्रक मागतं, पैसा काउंटी कौन्सिल आणि राज्य देतं. त्यामुळे ‘सगळ्या शाळांवर सोलर बसवेन’ असं कुणी छातीठोक म्हणालं, तर पैसा कुठून आणि कुठल्या शाळेपासून, हे लगेच विचारावं. घाईही आहे. सोलरवरची केंद्राची करसवलत 2022 पासून शाळांनाही थेट रकमेच्या रूपात मिळू लागली होती. जुलै 2025 च्या कायद्याने तिची मुदत बरीच आवळली.

‘पॅनेलवर खर्च करायचा की शिक्षकांवर?’ असा सवाल टाकणारा उमेदवारही भेटतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं एक उत्तर अर्कान्सॉ राज्यातल्या बेट्सव्हिल या छोट्या गावात मिळतं. तिथल्या शाळांचं वर्षाचं वीज-पाण्याचं बिल 6 लाख डॉलरच्या वर गेलं होतं. 2017 च्या सुमारास तपासणी करून त्यांनी दिवे बदलले, यंत्रणा सुधारली, पडीक जागेत सोलर पॅनेल उभे केले. वाचलेल्या पैशाच्या जोरावर तुटीत चाललेला कारभार शिलकीत आला आणि शिक्षकांचे पगार वाढले. ते गाव हिरव्या राजकारणासाठी प्रसिद्ध वगैरे अजिबात नाही. बिल वाचायची तयारी असलेली माणसं तिथल्या कारभारात होती, एवढंच.

[दृश्य: शाळेची कॅन्टीन. मुलं ट्रे घेऊन रांगेत.]

आता ताटाची गोष्ट. याच काउंटीतल्या टाकोमा पार्कमधल्या पायनी ब्रँच प्राथमिक शाळेच्या मुलांनी एक गट केला होता. जेवण झालं की थर्माकोलचे ट्रे थेट कचऱ्यात, रोज. मुलांचं म्हणणं साधं होतं: धुता येणारी ताटं द्या आणि शाळेत भांडी धुण्याचं मशीन बसवा. त्यासाठी त्यांनी 10 हजार डॉलरहून जास्त रक्कमही जमवली. प्रशासनाने नकार दिला. मुलं बोर्डासमोर बोलत राहिली, पत्रं लिहीत राहिली. भांडी धुण्याचं मशीन त्यांना मिळालं नाही, पण 2014 मध्ये सबंध काउंटीच्या शाळांतून थर्माकोलचे ट्रे गेले आणि कागदी आले. मग 2016 पासून काउंटीने खाद्यपदार्थांसाठी थर्माकोल वापरायलाच बंदी घातली आणि ऑक्टोबर 2020 मध्ये तशीच बंदी राज्यभर लागू झाली.

आठ-दहा वर्षांच्या मुलांनी हे मोठ्यांच्या कानी घातलं. यापेक्षा चांगलं नागरिकशास्त्र कुठल्या पाठ्यपुस्तकात असेल असं वाटत नाही.

[दृश्य: माध्यमिक शाळेत मुलं संगणकावर मत नोंदवताना.]

आणि आता तो आठवा सभासद. दर वसंत ऋतूत सहावी ते बारावीची मुलं स्वतःच्या मतांनी एक विद्यार्थी बोर्डावर पाठवतात. तो शोभेचा सभासद नसतो. अंदाजपत्रकासह बहुतेक विषयांवर त्याचं मत मोजलं जातं. अनेक मराठी घरांत आई-बाबा एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असतात, त्यांना बोर्डाच्या निवडणुकीत मत नाही. पण या निवडणुकीत नागरिकत्व विचारलं जात नाही, त्यामुळे त्यांच्या सातवीतल्या मुलीला मत असतं. घरातला पहिला मतदार ती असू शकते. जेवताना तिला विचारून बघा, कोण उभं आहे आणि बसबद्दल काय म्हणतंय.

आई-बाबांनाही दार बंद नाही. बोर्डाच्या बैठकीत लोकांना बोलण्यासाठी वेळ ठेवलेला असतो. आधी नाव नोंदवायचं, दोन-तीन मिनिटांत मुद्दा मांडायचा.

[पडद्यावर: बोर्डाच्या सभागृहातला रिकामा माइक. खाली अक्षरं: 3 नोव्हेंबर 2026, चार जागा.]

तीन नोव्हेंबरला चार जागांसाठी मतदान आहे. उमेदवार ग्रंथालयात, शाळेच्या सभागृहात, कधी कुणाच्या घरच्या दिवाणखान्यातही भेटायला येतात. भेटले की तीन गोष्टी विचारा. बसच्या कराराचा शेवटचा अहवाल तुम्ही वाचलाय का? माझ्या मुलाच्या शाळेच्या छपरावरचं यंत्र किती जुनं आहे आणि त्याच्या जागी काय येणार? नव्या डिझेल बस कधीपर्यंत चालवणार? उत्तर तिथल्या तिथे आलं नाही तर ईमेलवर मागा, आणि मतदानाला जाताना ते ईमेल वाचून जा.