हवेकडून तेलाकडे: एका हंटरचे पाय

(दृश्य: गराजमधलं बाक. मॉडेल उलटं ठेवलेलं, तिन्ही पाय वर.)

हे हॉकर हंटर या ब्रिटिश लढाऊ जेटचं मॉडेल. खऱ्या विमानाच्या एक पंचमांश आकाराचं. पंखांचा विस्तार दोन मीटरच्या थोडा वर, इंधन भरलं की वजन सोळा किलोच्या पुढं, आणि पोटात केरोसिनवर चालणारं खरंखुरं टर्बाइन. मूळ हंटर इंग्लंडमध्ये १९५१ साली पहिल्यांदा उडालं. १९५७ पासून ते भारतीय हवाई दलात आलं, आणि डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळूत पाकिस्तानी रणगाड्यांवर तुटून पडली ती जैसलमेरहून उडालेली हंटरच.

मॉडेल बनवणारे काका पिंपरीच्या एका टूलरूममध्ये लेथवर उभे राहून निवृत्त झाले आणि मुलीकडे इंग्लंडला आले. सोबत त्यांनी आणली व्हर्निअर आणि मायक्रोमीटरची पेटी. लेथ इथं आल्यावर घेतलं.

(दृश्य: स्लो मोशन. उजवा पाय पंखात जातो.)

आता या पायाकडे, म्हणजे चाक धरणाऱ्या खांबाकडे, नीट बघा. स्विच दाबलाय. पाय हलत नाही. अजूनही नाही. आणि मग एकदम आत आदळतो. पंखाचं पातळ कातडं थरथरतं, ते या कोनातून स्पष्ट दिसतं.

हा पाय हवेवर चालतो. विमानात हवेची एक छोटी बाटली असते, उडण्याआधी ती सात-आठ बार दाबानं भरायची. व्हॉल्व्ह फिरला की हवा नळीतून सिलिंडरमध्ये जाते आणि दट्ट्याला ढकलते. अनेक वर्षं जगभरच्या मॉडेल जेटचे पाय असेच चाललेत. व्यवस्था हलकी आहे, स्वस्त आहे, उघडून दुरुस्त करायला सोपी आहे. पण हवा दबते, आणि सगळी अडचण तिथंच आहे.

(दृश्य: बाकावर दोन इंजेक्शनच्या सिरिंज, मध्ये नळी.)

काकांनी हे आम्हाला दोन सिरिंज घेऊन दाखवलं. नळीत हवा असताना डावीकडचा दट्ट्या अर्धा आत गेला तरी उजवीकडचा जागचा हलत नाही. दट्ट्यावरची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, भिंतीला धरून बसलेली असते. मागं दाब साठत जातो, आणि पकड सुटली की साठलेली हवा एकदम पसरते. म्हणून तो थांबा, आणि म्हणून तो दणका. आता त्याच नळीत तेल. डावीकडे एक मिलिमीटर, उजवीकडे एक मिलिमीटर. थांबवलं की थांबलं.

बाजारात आज तयार इलेक्ट्रिक रिट्रॅक्ट, म्हणजे विजेवर आत-बाहेर होणारे पाय, मिळतात. मोटर, स्क्रू, दोन तारा, आणि एका दुपारी काम संपतं. बरेच जण तिकडेच वळलेत आणि त्यांचं चुकतं असं कोणी म्हणणार नाही. पण या हंटरचे पाय काकांनी स्वतः घडवलेत. तो तिरका खांब, ती बिजागरी, टोकाला खाचेत जाऊन बसणारी पिन, सगळं खऱ्या विमानाच्या फोटोंवरून मापं काढून केलेलं. ते फेकून तयार डबा बसवायचा नाही, हे आधीच ठरलेलं होतं. पाय तेच राहतील. फक्त हवेच्या जागी तेल येईल.

(दृश्य: वहीतलं पान, पेन्सिलीचे आकडे.)

हिशेब या पानावर आहे. सिलिंडरचा आतला व्यास १२ मिलिमीटर, दांडा ४ मिलिमीटरचा, चाल, म्हणजे दट्ट्या सरकतो ते अंतर, ३० मिलिमीटरची. सात बार दाबाला दट्ट्यावर आठ किलोच्या आसपास जोर येतो, तो पुरतो. दांडा ज्या बाजूला असतो तिथं त्याची जागा वजा होते, म्हणून एका बाजूला साधारण ३.४ मिलिलिटर तेल मावतं आणि दुसऱ्या बाजूला ३. तिन्ही पायांचा फरक धरला तर जेमतेम सव्वा मिलिलिटर. एवढंसं तेल कुठं जाणार याची सोय केली नाही तर बंद वाटेत पाय मध्येच अडकेल. म्हणून वेगळी टाकी लागते. ही पारदर्शक टाकी ३० मिलिलिटरची आहे. एवढी मोठी का, ते पुढं येतंय.

(दृश्य: पंप उघडलेला, दोन दातेरी चाकं.)

हा गिअर पंप. तेल या दोन चाकांच्या मधून जात नाही. ते बाहेरच्या भिंतीलगत, दातांच्या फटीत बसून वळसा घालून पुढं येतं. मोटर बॅटरीवर चालते. पंपाच्या पुढं सर्व्होनं, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या मोटरनं, सरकणारा व्हॉल्व्ह आहे, तो तेल कधी ‘वर’च्या नळीत सोडतो, कधी ‘खाली’च्या. शेजारी दाब सोडणारा व्हॉल्व्ह १० बारला बांधलेला. दट्ट्या टोकाला पोचूनही मोटर फिरत राहिली तर तेल तिथून टाकीत परत येतं.

(दृश्य: लेथ. पितळेची कात निघते आहे. क्लोज-अप.)

खरं काम इथं आहे.

हवेच्या सिलिंडरला दांड्याभोवती एकच ओ-रिंग होती, तीही सैल बसवलेली, कारण घर्षण कमी हवं होतं. हवा थोडी झिरपली तर कोणाला दिसत नव्हतं. तेल मात्र एक थेंब निसटला की प्लायवूडमध्ये मुरतं, आणि तेल प्यायलेल्या लाकडाला पुन्हा कोणताच गोंद धरत नाही. म्हणून तिन्ही सिलिंडरची तोंडं काका पितळेत नव्यानं करताहेत. प्रत्येकात दोन ओ-रिंग, आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये म्हणून टोकाला एक पुसणी.

खाच बघा. ओ-रिंगची जाडी दीड मिलिमीटर, खाचेची खोली १.३. म्हणजे रिंग तेरा टक्के दाबली जाणार. खाच आणखी खोल झाली तर गळेल, उथळ राहिली तर दांडा आवळला जाईल आणि पंप कण्हत राहील. रुंदी मात्र दोन मिलिमीटर, कारण दाबलेल्या रबराला कुठंतरी पसरायला जागा लागते. खाच तोंडाच्या आतल्या अंगाला आहे, हत्यार आत गेलं की धार दिसत नाही. काका डायलवर नजर ठेवून कापतात आणि कातेचा आवाज ऐकतात. हा आवाज आम्ही मुद्दाम मोठा ठेवलाय.

(दृश्य: दांडा भिंगाखाली. आडवे ओरखडे.)

हा जुना दांडा. हवेला हे ओरखडे चालत होते. तेलात प्रत्येक ओरखडा रिंगेला कापत जाईल. आधी हजारचा, मग दोन हजारचा पॉलिश पेपर, तेलात भिजवून. मग पुन्हा भिंग.

तेल म्हणजे हे लाल, पातळ, खनिज तेल, जे अनेक खऱ्या विमानांच्या हायड्रॉलिकमध्ये वापरतात. पातळ अशासाठी की इंग्लंडच्या थंडीत जाड तेल अडीच मिलिमीटरच्या नळीतून सरकायला वेळ घेतं. हे तेल ओ-रिंगच्या नायट्राइल रबराला चालतं. ब्रेक ऑइल चालत नाही, त्यात नायट्राइल फुगतं. पुस्तकात लिहिलंय म्हणून काका थांबले नाहीत. त्यांनी एक ओ-रिंग बाटलीत तेलात बुडवून ठेवली आणि आठवड्यानं व्हर्निअरला लावली. तेच माप.

(दृश्य: हातपंप, दाबाचा काटा चढतो.)

नवं तोंड बसलं की प्रत्येक सिलिंडर हातपंपानं १५ बारपर्यंत तपासायचा, आणि तेही तेलानंच. दाबलेल्या हवेनं सिलिंडर फुटला तर तुकडे उडतात. तेलात फुटला तर फक्त पाझरतो. तपासणी संपेपर्यंत चष्मा डोळ्यांवरून उतरला नाही.

(दृश्य: पारदर्शक नळी, लाल तेलात एक बुडबुडा सरकतो.)

हा बुडबुडा पकडायला कॅमेरा बराच वेळ लावून ठेवावा लागला. नळीत एवढी एक हवा राहिली तरी जुना दणका परत येतो, आणि पिन खाचेत पूर्ण बसेल याची खात्री उरत नाही. पिन बसली नाही तर उतरताना पाय दुमडतो. त्यामुळं नळीचं सगळ्यात उंच टोक सैल करायचं, पाय हळूहळू वर-खाली करायचा, हवा तिथून निसटू द्यायची, पुन्हा आवळायचं. खाली फडकं. मग दुसरी नळी.

(दृश्य: तिन्ही पाय एकत्र. आधी पुढचा, मग डावा, मग उजवा.)

पहिल्या चालीला पाय एकामागून एक गेले. तेल आधी तिकडंच जातं जिथं अडथळा कमी. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या परतीच्या वाटेवर, वाट कमी-जास्त करायला, सुईचा व्हॉल्व्ह बसवला. परतीच्याच वाटेवर, कारण पाय खाली येताना स्वतःच्या वजनानं पंपाच्या पुढं पळू बघतो आणि त्याला मागून धरून ठेवावं लागतं. हंटरचा पुढचा पाय पुढच्या दिशेनं आत जातो, म्हणजे उडताना वाऱ्याच्या विरोधात. त्याची वाट थोडी मोकळी ठेवली. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. शेवटी पाच सेकंद, तिन्ही पाय बरोबर.

(दृश्य: छोटी हवेची बाटली, शटल व्हॉल्व्ह.)

हवा पूर्ण गेलेली नाही. खऱ्या हंटरमध्येही पाय तेलावर चालत, आणि तेलानं दगा दिला तर पाय खाली करायला दाबलेली हवा राखून ठेवलेली असे. काकांनी तेच केलं. ‘खाली’च्या नळीवर शटल व्हॉल्व्ह आहे. आत सरकणारी एक गोळी, जिकडून दाब येतो त्याच्या उलट तोंड ती बंद करते. पंप गेला तर बाटलीतली हवा पाय खाली ढकलते आणि दुसऱ्या बाजूचं सगळं तेल टाकीत येतं. टाकी ३० मिलिलिटरची ठेवली ती या तेलासाठी. हे एकदा वापरलं की बुडबुडे काढण्याचं काम पहिल्यापासून करायचं.

(दृश्य: क्लबचं गवताळ मैदान. टर्बाइन सुरू होतं. उड्डाण. इथं निवेदन नाही, फक्त आवाज. पाय आत जाईपर्यंत कट नाही.)

(दृश्य: विमान उतरून परत येतं.)

वजन अडीचशे ग्रॅमनं वाढलं. तिसऱ्या उड्डाणानंतर डाव्या पंखात एक जोड पाझरला, तिथलं प्लायवूड कापून नवं घातलं.

(दृश्य: चाक उघडलेलं, ब्रेकची रिंग.)

चाकांचे ब्रेक अजून हवेवरच आहेत. हवेनं फुगणारी ओ-रिंग चाकाच्या आतल्या कडेला घासते आणि विमान थांबतं. तेही तेलावर घ्यायचं काकांनी ठरवलंय. पितळेचा गज आणलाय, आणि वहीत नव्या पानावर माप मांडायला सुरुवात झाली आहे.