बिऱ्हाड पाठीवर

(काळोखातलं स्टेज. वरून एकच प्रकाशझोत.)

तो चालत येतो. हातात प्रवासाची एक छोटी बॅग. कसलीच घाई नाही. बॅग ठेवतो, उघडतो. आतून टिकल्यांचा काळा शर्ट निघतो. मग पांढरा हातमोजा, एकच. सगळ्यात शेवटी काळी हॅट. अजून एक सूरही लागलेला नाही आणि समोर लोक रडायला लागलेत. 'बिली जीन' हे गाणं सुरू व्हायचंय.

मायकल जॅक्सनचा 'हिस्टरी' दौरा. ७ सप्टेंबर १९९६ला प्रागमध्ये सुरू झाला, १५ ऑक्टोबर १९९७ला दक्षिण आफ्रिकेत डर्बनला संपला. ८२ कार्यक्रम, ३५ देश, सुमारे ४५ लाख प्रेक्षक. बॅग ही एवढीशी. तिच्यामागून जे बिऱ्हाड जगभर फिरत होतं, त्याची ही गोष्ट, जुन्या फितींमधून.

(प्राग. टेकडीवरचा पुतळा.)

प्रागमधली लेटना टेकडी. खाली वल्तावा नदी. १९५५ साली इथे स्टालिनचा अजस्र पुतळा उभा केला होता. १९६२ साली तो सुरुंग लावून उडवला. चौथरा तेवढा उरला. आणि १९९६च्या सप्टेंबरात त्याच जागी हा बघा कोण उभा आहे. लष्करी थाटाचा पोशाख, आवळलेल्या मुठी, उंची दहा मीटरच्या आसपास. 'हिस्टरी' याच नावाच्या अल्बमच्या जाहिरातीसाठी आदल्या वर्षी असे पुतळे करून घेतले होते. त्यातला एक लंडनच्या थेम्स नदीतून तराफ्यावर मिरवला होता. गवई येण्याआधी त्याचा पुतळा यावा, हे जरा अतीच. पण चित्र जबरदस्त आहे, नाकारता येत नाही.

याआधीचा त्याचा दौरा १९९३ साली मेक्सिको सिटीत अर्धवट सुटला होता. एका मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप, १९९४मध्ये कोर्टाबाहेर तडजोड. त्यानंतरचा हा पहिला दौरा.

(विमानतळ. मालवाहू विमानाचं नाक वर उचललं जातंय.)

हे अँतोनोव १२४, सोव्हिएत काळात घडवलेलं मालवाहू विमान. रशियन लोक याला रुस्लान म्हणतात. याचं नाक मोटारीच्या बॉनेटसारखं वर उघडतं. मग पुढची चाकं दुमडून ते जमिनीकडे वाकतं. उंट पुढचे पाय मोडून बसतो ना, अगदी तसं. पोटातून उतार बाहेर येतो आणि त्यावरून पेट्या घरंगळू लागतात. चाकं लावलेल्या, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेल्या पेट्या. स्पीकर, दिवे, वायरींची वेटोळी, कपडे.

आपल्याकडे तमाशाचा फड ट्रकवर तंबू आणि कनाती लादून जत्रेमागून जत्रा गाठतो. तेच हे काम, फक्त ट्रकच्या जागी विमान. फड आणि दौरा, दोन्हीकडे सारखाच नियम: गावं कितीही बदलोत, खेळ तोच दिसला पाहिजे.

मैदानात आधी लोखंड उभं राहतं. खांब, मग छप्पर. छपराला साखळीच्या मोटरी. त्या मोटरींवर दिव्यांचे ट्रस, म्हणजे दिवे टांगायचे धातूचे सांगाडे, इंच-इंच वर चढतात आणि खाली एक माणूस मान वर करून नुसता बघत असतो, कुठली बाजू तिरकी जातेय का. त्या माणसाला रिगर म्हणतात. दोन साखळ्यांमधला फरक त्याला डोळ्यांनी कळावा लागतो. वर टनावारी वजन टांगलेलं असतं. मोठ्या दौऱ्यांत स्टेजचे असे अख्खे सांगाडे एकाहून जास्त असतात. एका गावात खेळ रंगलेला असतो, तेव्हा पुढच्या गावात दुसरी टोळी नटबोल्ट आवळत असते.

(स्टेजखालून वर येणारं अवकाशयान. ठिणग्या.)

आणि मग हे. पडद्यावर इतिहासातून सुसाट धावणारी सफर, स्टेज फोडून वर आलेलं यान, त्यातून बाहेर पडलेला चिलखतासारख्या पोशाखातला जॅक्सन.

(क्रेन प्रेक्षकांच्या डोक्यावरून.)

'अर्थ साँग'. क्रेनचा लांब हात त्याला उचलून गर्दीवर नेतो. तो हात चालवणाऱ्याकडे बघायला कुणाला वेळ आहे! मग स्टेजवर रणगाडा येतो. सैनिक बंदूक रोखतो, एक लहान मूल त्याला फूल देतं. गाणं टेपवर बसून कुठेही जातं, रणगाडा मात्र वाहून न्यावा लागतो. (बरीच गाणी आधीच ध्वनिमुद्रित आवाजावर होती, ही टीका तेव्हाही झाली.)

(मुंबई. सहार विमानतळ.)

२९ ऑक्टोबर १९९६ला क्वालालंपूर. १ नोव्हेंबरला मुंबई. मध्ये दोन दिवस.

नऊवारीतली सोनाली बेंद्रे, हातात आरतीचं ताट. जॅक्सन भांबावून हसतोय. यजमान राज ठाकरे यांची शिवउद्योग सेना. बेरोजगार तरुणांसाठी निधी उभारायचा, असं जाहीर केलेलं. मातोश्रीवर भेट झाली, कॅमेऱ्यांचा चकचकाट झाला. आणि अंधेरीचं शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल, ज्याच्या जवळून आज मेट्रो जाते, ते त्या रात्री प्रागसारखंच दिसत होतं. तेच यान, तीच क्रेन, तीच बॅग.

युती सरकारने दिलेल्या करमणूक करमाफीला मुंबई ग्राहक पंचायतीने कोर्टात आव्हान दिलं, तीन कोटींहून जास्त रक्कम अडकून पडली आणि २०२१च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने पुन्हा करमाफी दिली.

(निरोप. रिकामं होत जाणारं मैदान.)

आमच्या हाती आलेल्या फितींत आरती आहे, हॅट आहे, गाडीतून हलणारा हात आहे. त्या रात्री साखळ्या खाली सोडणारा एकही चेहरा नाही. या शेवटच्या तुकड्यात मात्र डाव्या कोपऱ्यात बघा. लोक गेटकडे चाललेत, आणि कुणीतरी गुडघ्यावर बसून वायर गुंडाळतोय. कोपरापासून तळव्यापर्यंत, एकेक वेढा. कॅमेरा उजवीकडे वळतो.

५ नोव्हेंबरला बँकॉक होतं.